सिस्टरच्या गाडीचे डॉक्टर

माझी धाकटी जाऊ नर्स आहे. घरात, गल्लीत, किराण्याच्या दुकानात तिला सगळे सिस्टर म्हणतात, मीही म्हणते. माझे दीर हयात असताना एकदा लाडात येऊन त्यांनी तिला नावाने हाक मारली, तर तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नंतर म्हणाली, "मला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलावताय."

हॉस्पिटलातली नोकरी संपल्यावर ही आता घरी बसेल आणि मला दुपारी बोलायला माणूस मिळेल, अशी माझी समजूत होती. कसलं काय. आजाऱ्यांच्या घरी नर्स पाठवणारी एक संस्था आहे, तिथे नाव घालून ही लगेच लोकांच्या जखमा बांधत फिरायला लागली. तिला मिळालेली घरं इतकी विखुरलेली, की बसने जायचं म्हटलं तर एकाची पट्टी बांधून होईपर्यंत दुसऱ्याची आपोआप गळून पडावी. म्हणून तिने मोटरसायकल घेतली. स्कूटर नाही. स्कूटरची चाकं बशीएवढी असतात आणि खड्ड्यात गेली की वर यायला शिडी लागते, असं तिचं मत.

गाडी घेतली ती एका दूधवाल्याकडून. म्हणजे अर्धं आयुष्य किटल्या वाहण्यात घालवलेली. किलोमीटरचा काटा कधीचाच दमून एका आकड्यावर बसला होता, आणि पेट्रोलचा काटा त्याच्याही आधी. पेट्रोल किती आहे ते बघायचं तर झाकण उघडून टाकीत डोकवायचं, गाडी हलवायची आणि आवाज ऐकायचा. ही हे इतक्या गंभीरपणे करायची, की आता टाकीला छाती तपासायची नळी लावते की काय असं वाटावं.

गाडीची निगा मात्र तिने पेशंटसारखी राखली. चेनला तेल सोडायला सुई काढलेली सिरिंज. प्लग पुसायला गॉझचा तुकडा. आणि कुठेही काही फाटलं, तडकलं, सैल झालं, की तिची ती पांढरी चिकटपट्टी. सीट उसवली, पट्टी. हेडलाइटच्या काचेला चीर गेली, पट्टी. क्लचच्या मुठीचं रबर सुटलं, पट्टी. एकदा नळी लावून गाडी धुताना टाकीत पाणी गेलं आणि गॅरेजवाला तिच्यावर खेकसला, तेव्हापासून टाकीच्या झाकणावरही एक छोटी चौकोनी पट्टी आली. आमच्या अंगणात ही गाडी उभी असली की कुणीतरी अपघात विभागातून उठून आल्यासारखं दिसायचं. पट्ट्यांकडे बघायची सगळ्यांना इतकी सवय झाली होती, की पुढे कुणालाच त्या दिसेनाशा झाल्या.

आणि मग गाडी बंद पडायला लागली.

घरून निघताना ठणठणीत. एका किकमध्ये सुरू. चांगली रस्त्याला लागायची, आणि मग मध्येच कुठेतरी, ना चढ ना सिग्नल, दोनचार आचके द्यायची आणि गप्प. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. पुन्हा काही अंतर गेलं की गप्प. एकदाची बंद पडून बंदच राहिली असती तर परवडलं असतं. ही मरतही नव्हती आणि धड जगतही नव्हती.

बंद पडलेल्या गाडीभोवती माणसं कशी गोळा होतात ते मला तेव्हा कळलं. एरवी ज्यांना स्वतःच्या घरातला दिवा बदलता येत नाही, ते पुढे होतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "पेट्रोल आहे का?" सिस्टर झाकण उघडून दाखवणार, तो डोकावणार, "आहे की," म्हणून झाकण लावणार आणि मग आपलं ज्ञान पाजळणार. एकाने प्लग काढून फुंकर मारली, गाडी सुरू. दुसऱ्याने कार्बोरेटरवर पान्याने टकटक केलं, गाडी सुरू. तिसऱ्याने गाडी आडवी करून उभी केली, सुरू. एका फळवाल्याने तर नुसता हॉर्न वाजवायला सांगितला. तरी सुरू. ज्याच्या त्याच्या हाताला गुण. प्रत्येक जण छाती फुगवून गेला, आणि सिस्टर पुढच्या वळणावर पुन्हा उभी.

गॅरेजवाला तर या सगळ्यांच्या वरचा. त्याच्याकडे नेली की गाडी शहाण्या मुलीसारखी वागणार. तो ती स्टँडवर लावून चालू ठेवायचा, चहा प्यायचा, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून यायचा.

"सिस्टर, काही नाहीये हिला."

"मग मी काय रस्त्यात हौस म्हणून उभी राहते?"

"जुनी झालीय. कॉइल बदलू."

कॉइल बदलली. मग प्लग बदलला. मग कार्बोरेटर खोलून धुतला. मग पेट्रोलचा कॉक बदलला. गाडी बंद पडायची ती पडतच राहिली. मी त्याला तोंडावर सांगितलं, की असंच चालू राहिलं तर थोड्या दिवसांत फक्त नंबरप्लेट जुनी राहील. तो म्हणाला, "काकू, ती पण बदलून देतो."

इकडे संस्थेतल्या बाईचे फोन सुरू झाले. सिस्टर उशिरा येतात, लोक वाट बघून कंटाळतात. सगळ्यात अडचणीची होती टेकडीवरची घरं. तिथे बस जात नाही. तिथल्या चित्रकलेच्या एका म्हाताऱ्या शिक्षकांच्या पायाला जखम होती, साखरेच्या आजारातली, भरता भरत नाही अशी. सकाळची पट्टी झाल्याशिवाय त्यांना उठता यायचं नाही, आंघोळ नाही, काही नाही. पाय स्टुलावर टाकून ते दाराकडे बघत बसलेले असायचे. टेकडीवरची घरं म्हणजे सिस्टरचं निम्मं काम. बाईने स्पष्टच सांगितलं, आता एकदा जरी उशीर झाला तरी टेकडी दुसऱ्या नर्सला.

आणि सिस्टरच्या चिरंजीवांनी नेमकी हीच वेळ साधली. आमचा पुतण्या तसा गुणी आहे, पण आई मोटरसायकलवरून फिरते याची त्याला लाज वाटते, आणि ती लाज तो काळजीच्या कागदात गुंडाळून देतो.

"आई, पुरे आता. तुझं वय काय, गाडीचं वय काय."

"दोघींचं मिळून तुझ्यापेक्षा बरं चाललंय."

"कुठे चाललंय? तेच तर म्हणतोय, चालत नाहीये. मी गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी येईल."

सिस्टर भांडली नाही, याचंच मला नवल वाटलं. भाजी चिरत होती, चिरत राहिली. मग म्हणाली, "टेकडी गेली तर घेऊन जा." ती निजायला गेल्यावर मी पुतण्याला म्हटलं, "अरे, गाडी गेली की तुझी आई माझ्यासारखी होईल, दिवसभर खिडकीत. तुला दोघी झेपणार आहेत का?" त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं.

त्याच आठवड्यात मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. सिस्टर म्हणाली, "बसा मागे ताई, टेकडी करून तसंच पुढे सोडते." वाटेत पंपावर थांबून तिने टाकी भरून घेतली. मी शेजारी उभी राहून बघितलं, पेट्रोल अगदी गळ्यापर्यंत. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अडलं.

टेकडीच्या पायथ्याच्या जरा अलीकडे गाडीने आचके दिले आणि थांबली. उन्हात, झाड नाही, दुकान नाही, बघे नाहीत. सिस्टर उतरली आणि सवयीने हात टाकीच्या झाकणाकडे गेला. माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी म्हटलं, "खबरदार उघडलंस तर. आत्ता माझ्यादेखत भरलंय. त्यात काय बघायचंय? आधी दुसरं काय ते बघ."

"बरं," म्हणाली.

तिने किक मारल्या. नाही. प्लग काढला, गॉझने पुसला, फुंकर मारली, लावला. नाही. कार्बोरेटरवर टकटक केली. नाही. आम्ही दोघींनी मिळून गाडी आडवी करून उभी केली, त्यात माझा पदर चेनला लागून काळा झाला. नाही. मी हॉर्नसुद्धा वाजवला. आजवर गुण आलेला एकूण एक इलाज झाला आणि गाडी ढिम्म. सिस्टरच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ती सारखी घड्याळ बघत होती, आणि मी तिला सारखं घड्याळ बघू नकोस म्हणत होते, त्याने तिला काय बरं वाटणार होतं कोण जाणे.

शेवटी तिने हेल्मेट काढून सीटवर आपटलं आणि माझ्याकडे न बघता झाकणाची किल्ली फिरवली.

स्स्स, असा आवाज आला. बरणीचं घट्ट बसलेलं झाकण उघडताना येतो तसा. टाकीने बाहेरची हवा आत ओढून घेतली. आम्ही दोघींनी तो ऐकला. सिस्टरने झाकण लावलं आणि किक मारली. पहिल्या किकला गाडी सुरू.

"काय केलंस?" मी विचारलं.

"काही नाही. झाकण उघडलं."

"दुसरं काय केलंस?"

"काहीच नाही केलं, ताई."

गाडी फटफट करत उभी होती आणि सिस्टर त्या झाकणाकडे बघत होती. मग तिने नखाने झाकणावरची पट्टी उचलली. खाली, किल्लीच्या भोकाच्या बाजूला, टाचणी जाईल एवढं एक छिद्र होतं.

"आमच्याकडे सलाईनच्या काचेच्या बाटल्या होत्या," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा. "त्यांच्या बुचात दोन सुया घालायच्या. एक पेशंटकडे जाणारी, आणि एक नुसती हवेसाठी. हवेची विसरली, की थोडा वेळ सलाईन चालतं आणि मग थांबतं. बाटली भरलेली आणि थेंब पडत नाही. नवीन मुली यायच्या, त्यांना मी ओरडायचे."

म्हणजे इतके दिवस टाकीत हवा जात नव्हती म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. आणि प्रत्येक जण आधी पेट्रोल आहे का म्हणून झाकण उघडून, हवा आत सोडून, मग आपापला इलाज करत होता. गॅरेजवाल्याच्या एका चक्करमध्ये बिचाऱ्या टाकीचा श्वास कोंडायलाही वेळ मिळत नव्हता.

"पट्टी कुणी लावली होती ते काही विचारत नाही मी," मी म्हटलं.

"नका विचारू."

पुढे गाडी सरळ टेकडी चढून गेली, एकदाही न अडखळता. मला तर तिचा रागच आला.

शिक्षकांच्या घरून एक तरुण नर्स बाहेर पडत होती. संस्थेतल्या बाईने तिला आधीच पाठवून दिलं होतं. शिक्षक स्टुलावर पाय टाकून बसलेले, पायाला पांढरीशुभ्र ताजी पट्टी. "सिस्टर, आज वाट बघितली हो खूप," ते ओशाळून म्हणाले, जणू चूक त्यांचीच. "या मुलीनेही बरी बांधलीय. तिचा काय दोष."

सिस्टर खाली बसली, पट्टीवरून बोट फिरवलं. मग त्या मुलीला म्हणाली, "वरच्या बाजूला घट्ट झालीय. यांचा पाय दुपारी सुजतो. उद्यापासून जरा सैल बांध."

उद्यापासून, म्हणाली. मी दारात उभी होते, मला पुढे काही ऐकवेना.

खाली येताना मी म्हटलं, त्या बाईला फोन कर, कारण सांग. माणसासारखी माणसं असतात, समजून घेतील.

"काय सांगू? टाकीचं हवेचं भोक मीच बुजवलं म्हणून?"

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ अर्थातच गेली होती.

रविवारी गिऱ्हाईक आलं. गाडी घेऊन चक्कर मारायला गेलं ते बराच वेळ आलं नाही. पुतण्या अस्वस्थ, कुठेतरी बंद पडली असणार म्हणून. गिऱ्हाईक परत आलं ते हसत. "जुनी आहे, पण काय पळते हो. कुठे अडत नाही, काही नाही." पुतण्याच्या चेहऱ्यावर तर दिवाच लागला.

सिस्टर पायरीवर बसली होती. तिने हात पुढे केला, गिऱ्हाइकाने किल्ली दिली, तिने ती खिशात टाकली.

"विकायची नाही."

"आई, तूच म्हणालीस, टेकडी गेली तर ने. गेली ना टेकडी?"

"गाडी बिघडलीय म्हणून विकत होते. बिघडलेली मी होते. मला कोण घेतंय?"

"बाकीची घरंही जातील एक दिवस."

"मग त्या दिवशी चालत जाईन."

गिऱ्हाईक बिचारं माझ्याकडे बघायला लागलं, घरात जरा शहाणं कोण दिसतंय ते शोधत. मी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

गाडी आता अडत नाही हे गॅरेजवाल्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "म्हटलं नव्हतं, कॉइलच होती?" सिस्टर नुसती हो म्हणाली. मी तोंड उघडणार, तर तिने माझा हात दाबला. घरी आल्यावर मी विचारलं, त्याला खरं का सांगितलं नाहीस. म्हणाली, "त्याच्याकडेच पुन्हा जायचंय ना, ताई. चेन सुटत आलीय."

राहिलेल्या घरांना ती आता वेळेवर जाते. संस्थेतल्या बाईला तिने टेकडी परत मागितली. बाईने विचारलं, "गाडी थांबते का अजून?" ही म्हणाली, नाही. बाई म्हणाली, "बघू." हे बघू मला चांगलं माहीत आहे, जन्मभर ऐकत आलेय. पण फोन वाजला की सिस्टर अजून ओले हात पुसत धावते, आणि फोन मोबाइल कंपनीचा निघतो.

झाकणावर आता पट्टी नाही. बाकीच्या तशाच आहेत. परवा माझ्या थर्मासचं झाकण सैल झालं म्हणून ती कात्री आणि पट्टी घेऊन आली. मी थर्मास पदराखाली घेतला आणि म्हटलं, आधी बाहेर जा आणि गाडीची चेन पान्याने जरा आवळून ये.