भागोजीच्या साइटचा मांडव

तर भागोजी काही कलमावरून उतरेना. काल आपण इथवर आलो होतो आणि तुमचा भात निवत होता म्हणून मी थांबलो. खाली मी मान वर करून उभा, आणि वर फांदीच्या बेचक्यात भागोजी. हातात आंबे काढायचा झेला नाही, मोबाइल! आमच्या वाडीत नेटची रेंज मिळायची ती त्या एकाच जागी, त्याच्या विहिरीवरच्या कलमाच्या शेंड्याला.

"अरे मेल्या, आंबे संपून आठ दिवस झाले. वर काय करतोस?"

"मांडव सोडतोय, आप्पा!"

"मांडव तर घरापुढच्या खळ्यात असतो."

"तो काल सोडला. आज साइटचा."

मी असा हसलो म्हणता, की पारावरची माणसं वळून बघायला लागली. तीन वर्षं झाली त्याला. आज आठवलं की वाटतं, त्या वेळी हसण्याऐवजी फांदी हलवून मोबाइलच पाडायला हवा होता.

नव्या माणसाला सांगायला हवं, भागोजी कोण ते. रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या अलीकडे आमची वाडी. भागोजी बावीस वर्षं मालाच्या बोटीवर खलाशी होता. बोटीवर त्याला एक खोड लागली. रोज संध्याकाळी वहीत लिहायचं, वारा कुठला, आभाळ कसं. घरी परतला तरी खोड सुटली नाही. समुद्र नाही तर नाही, कलमांचं लिहू लागला. कुठल्या कलमाला मोहोर कधी आला, तुडतुडा कधी पडला, कुठल्या रात्रीच्या वाऱ्याने किती कैरी झडली. त्याची बायको राही म्हणायची, "माझ्या दुखण्याची तारीख विचारा, आठवायची नाय. कलमाला शिंक आली तरी वहीत!"

माझी नात समीक्षा रत्नागिरीत कॉम्प्युटरच्या कामाला आहे. तिने त्या वह्या वाचल्या आणि हट्टच धरला, "भागोजीकाका, हे लोकांना वाचायला द्या." तिनेच साइट उभी करून दिली. त्यात 'जगप्रसिद्ध', 'सर्वोत्कृष्ट' असले शब्द औषधालाही नव्हते. 'विहिरीवरच्या कलमाचं फळ लहान, पण साल पातळ.' 'राहीने लावलेलं कलम यंदा रुसलंय, त्याचे आंबे मागू नका.' आणि साक्याचं पान! आंबा बाहेरून सोन्यासारखा असतो आणि कापावा तर आत पांढरा, स्पंजासारखा गोळा निघतो. त्याला आम्ही साका म्हणतो. कुठलाही व्यापारी त्याचं नाव काढत नाही. भागोजीने सरळ लिहिलं, 'कापल्याशिवाय साका मलाही कळत नाही. निघाला तर फोन करा, दुसरा आंबा पाठवीन.'

मुंबईकडच्या बायकांनी फोनमध्ये साक्याबद्दल विचारलं, की सर्चमध्ये सगळ्यांत वर भागोजी. मी समीक्षाला म्हटलं, "गो, याने कुणाला काय चारलं?" ती म्हणाली, "काही नाही, आजोबा. लोक येतात, शेवटपर्यंत वाचतात, आणि कितीतरी जणांनी आपापल्या साइटवर लिंक देऊन काकांच्या पानाकडे बोट दाखवलंय. जे खरं कामाचं असतं ते वर जातं."

दोन हंगाम व्यापाऱ्याचा टेम्पो त्याच्या बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, थांबला नाही. पेटी डोंबिवलीला जायची, ठाण्याला जायची, आणि तिच्यावर भागोजीचं नाव असायचं. "बावीस वर्षं दुसऱ्याच्या बोटीवर काढली, आप्पा. आता पेटीवर माझं नाव हाय," असं तो मला दिवसातून दोनदा सांगायचा. मीही दोनदा नव्याने ऐकायचो.

आणि मग तो मे महिना आला. आपल्याकडे पावसाआधी खळ्यातला मांडव सोडतात. खांब, वासे, नारळाचे झाप सगळं माळ्यावर टाकायचं आणि दिवाळीला नव्याने घालायचं. उभा ठेवला तर कुजतो. भागोजी तोवर साइटचं काम स्वतः करायला शिकला होता. त्याचा विचार असा, आंबा संपल्यावर 'आंबा आहे' म्हणून ओरडत उभं राहणं हा खोटेपणा. समीक्षा त्या महिन्यात बंगळूरला शिकायला गेली होती. कुणाला विचारणार? एकेक पान पुसून टाकलं. दिवाळीला परत कलमावर चढला आणि सगळं नव्याने घातलं. नवी पानं, पानांचे नवे पत्ते, अक्षर न् अक्षर पुन्हा लिहून. मला म्हणाला, "आधीच्यापेक्षा बरं झालंय."

मार्च आला. फोन वाजेना.

समीक्षा शिमग्याला घरी आली, तिने बघितलं आणि डोक्याला हात लावला. "काका, मांडव सोडतात. घर नाही हो सोडत! 'यंदाचा आंबा संपला' एवढी एक ओळ टाकली असती तरी भागलं असतं. आता ती सगळी बोटं रिकाम्या जागेकडे दाखवताहेत."

त्याहून वाईट पुढेच होतं. शहरातल्या एका व्यापाऱ्याने भागोजीचं सगळं लिखाण आधीच उचलून आपल्या साइटवर डकवलं होतं. साका, विहिरीवरचं कलम, राहीचं रुसलेलं कलमसुद्धा! त्याचं पान पावसाळाभर उभं होतं. सर्चला दोन्ही सारखीच दिसली. जे उभं होतं ते अस्सल ठरलं आणि जे दिवाळीला आलं ती नक्कल.

मला हे लगेच कळलं, कारण माझ्यावर बेतलेलं आहे. चौथीत केरू माझ्या पाटीवरून गणितं उतरवायचा आणि माझ्याआधी पाटी गुरुजींच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. मी मागे राहायचो, कारण मला आपलं अक्षर पुसून पुन्हा चांगलं काढायची हौस. छडी कुणाला? मला! केरू पुढे पंचायतीत निवडून आला, ती गोष्ट निराळी, तीही सांगण्यासारखी आहे.

समीक्षाने सर्चवाल्यांकडे तक्रार केली. उत्तर आलं, मूळ लिखाण आधी कुठे होतं त्या पानाचा पत्ता द्या. पत्ता देणार कुठून? पुसलेलं. जुन्या पानांच्या प्रती कुठे कुठे राहतात म्हणतात, तिने चार रात्री शोधल्या, मिळाल्या नाहीत. वह्यांचे फोटो पाठवले, तारखांसकट. वही चालत नाही म्हणाले. बाजारातला एक जण सांगून गेला, मशीनकडून चाळीस पानं लिहून घ्या, प्रत्येक ओळीत 'हापूस' घाला. समीक्षा म्हणाली, "उरलंसुरलं बुडवायचं असेल तर घाला."

"मग करू काय?"

"नवं लिहा, काका. जे त्याच्याकडे नाही ते."

भागोजीने लिहिलं. वर्षभर लिहिलं. किती चांगलं लिहिलं ते मला विचारा, मी प्रत्येक पानाला चष्मा पुसला. साइट सर्चच्या अकराव्या पानावरून सातव्यावर आली.

"सातव्यावर कोण जातं गो?" मी विचारलं.

समीक्षाने चहाचे कप उचलले आणि आत गेली. तिला मी लहानपणापासून ओळखतो. तिला उत्तर येत असलं की ती कामाला लागते.

गेल्या एप्रिलमध्ये व्यापाऱ्याचा टेम्पो परत बेड्याशी आला. नक्कल करणाराच तो. आंबा काही झाडावर थांबून राहत नाही, भागोजीने दिला. त्याच्या डोळ्यांदेखत पेट्यांवर दुसऱ्या नावाचे कागद चिकटवले. राही घरातून बाहेर आली नाही.

पंधरा दिवसांनी डोंबिवलीहून एका बाईंचा फोन आला. भागोजीचं जुनं गिऱ्हाईक. बाई रागावल्या होत्या. "तुमच्याच साइटवरून पेटी मागवली, तीच विहिरीवरच्या कलमाची गोष्ट होती. सहा आंब्यांत साका. दुसरे पाठवीन म्हणून तुम्ही लिहिलंय, आणि तिथला नंबर कोणी उचलत नाही. जुन्या वहीत तुमचा हा नंबर सापडला म्हणून केला."

मी शेजारीच बसलो होतो. मला वाटलं, आता हा सांगेल की बाई, ते पान माझं नाही. भागोजी म्हणाला, "पत्ता तोच ना? उद्या पाठवतो." घरच्या आढीत राहीने नातवंडांसाठी राखून ठेवलेले होते, त्यातले सहा गेले.

"अरे, पण विकला त्याने!" मी भडकलो.

"लिहिलं मी होतं ना," तो म्हणाला.

बाईंनी आंबे मिळाल्याचा फोन केला. आणि यंदा पेटी मागवली ती, त्यांनीच सांगितलं, परत त्या वरच्या पानावरून. सवयीने. सर्चला जे वर दिसलं ते.

आता पुन्हा मे संपत आलाय. परवा खळ्यातला मांडव आम्ही दोघांनी सोडला. झाप माळ्यावर टाकले, हात झटकले. रेंज आता खळ्यातही येते, कलमावर चढायला लागत नाही, एवढी एक सुधारणा झाली. मी चेष्टेत विचारलं, "काय रे, साइटचा मांडव यंदा ठेवणार की सोडणार?"

भागोजीने मोबाइल काढला, पान उघडून बघितलं आणि परत खिशात घातला.

"राहू दे, आप्पा. रोज सकाळी मी एकदा उघडून बघतो. तेवढा एक माणूस तरी येतो."