आठ नंबरचे बूट

"मॅडम, शनिवारपर्यंत सांगा, ठेवायचा का सोडायचा," क्लबचे सेक्रेटरी कोलतेसाहेब फोनवर म्हणाले. "वीस मिनिटं मस्त धावते, मग पाय ओढते. काहून, तेच समजून नाही राहिलं."

विषय नवीदचा होता. नवीद विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चेंडू घेऊन पळणारा. लहानपणी घरच्यांसोबत अफगाणिस्तान सोडलेला, निर्वासितांच्या छावणीत वाढलेला, पुढे दिल्लीत आलेला. जबलपूरच्या आमच्या क्लबने त्याला एका सीझनसाठी घेतलं होतं. इथून सुटला असता तर दिल्लीत काकाच्या तंदूरवर नान लावत बसला असता, आणि तेविसाव्या वर्षी त्याचं फुटबॉल संपलं असतं.

मी फिजिओथेरपिस्ट. क्लिनिक जबलपूरच्या सदर बाजारात, घराच्याच पुढच्या खोलीत.

एक्स-रे स्वच्छ होता. गुडघा, मांडी, कंबर, सगळं ठीक. पण पायाचा पंजा दोन्ही बाजूंनी दाबला तसा तो कळवळला. बोटांमधली नस चेपली गेली की असं होतं. अंगठ्यांची नखंही काळी पडली होती.

"जूते टाइट हैं क्या?"

"नहीं दीदी, बिल्कुल बराबर. आठ नंबर."

क्लबच्या फॉर्मवरही आठच होतं. मी मान डोलावली. अठरा वर्षांची प्रॅक्टिस, आणि मी नुसती मान डोलावली.

दोन दिवस बर्फ झाला, मशीन झालं, पट्ट्या झाल्या. फरक शून्य.

गुरुवारी पायाला लावलेला मशीनचा जेल धुवायला तो मागच्या नळावर गेला. आमच्याकडे बूट दाराबाहेर काढायची पद्धत, म्हणून जाताना त्याने मागच्या दारातली ह्यांची चप्पल घातली. ह्यांच्या पायांना माझ्या सासूबाई होड्या म्हणायच्या. नंबर दहा. नवीद ती घालून परत आला, आणि मी बघतच राहिले. चाल सरळ होती. चप्पल जराही मोठी होत नव्हती.

त्याला वर्तमानपत्रावर उभं केलं, पेन्सिलीने पाय आखला, पट्टीने मोजला. दहा.

"नवीद, आठ क्यों बोला?"

तो खाली बघत म्हणाला, "छावनी में जूतों की पेटी आती थी. सब आठ नंबर. जो दूसरा नंबर बोलता, वो नंगे पाँव खेलता."

"अरे, पर यहाँ तो दुकान है."

"पता है, दीदी. कोई पूछे तो मुँह से आठ ही निकलता है."

मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. त्याच संध्याकाळी सदरमधूनच दहा नंबरचे बूट आणले.

कोलतेसाहेब ऐकून म्हणाले, "आम्ही त्याचा स्टॅमिना कमी समजून रोज चार चकरा जास्त देऊन राहिलो होतो ना."

शनिवारी सरावाच्या मॅचमध्ये तो चाळीस मिनिटं खेळला. पाय ओढला नाही. नस पूर्ण शांत व्हायला महिना गेला, पण क्लबने त्याला ठेवलं. आता त्याचा दुसरा सीझन चालू आहे.

यंदाच्या फॉर्मवर त्याने स्वतःच्या हाताने दहा लिहिलं. लिहून लगेच मला फोन केला. "दीदी, दस नहीं मिला तो भी रखेंगे ना?"

"रखेंगे," मी म्हटलं.

तेव्हापासून माझ्या टेबलावर पट्टी असते. दुखणं पेशंटला विचारावं, माप आपण घ्यावं.