नानांसाठी ग्लासवूल

हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटचा हॉल मी अशाच हौसेनं सजवला होता. चकचकीत टाइल्स, एका बाजूला भिंतभर काच, वर पीओपीचं छत, आणि धूळ नको म्हणून पडदेसुद्धा नाहीत. त्या हॉलमध्ये चमचा पडला तरी ताट पडल्यासारखं वाजायचं. आमच्या कानांना त्याची सवय झाली होती. सोसावं लागलं ते माझ्या वडिलांना.

त्यांना आम्ही नाना म्हणतो. वय चौऱ्याऐंशी, सगळं आयुष्य सायखेड्याच्या शेतात गेलेलं. आई गेल्यावर दोनच महिन्यांनी ते विहिरीजवळ घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण भाऊ आणि भावजय दिवसभर द्राक्षबागेत असतात, घरी बघायला कोणी नाही. तेव्हा नानांनी माझ्याकडे राहायचं, असं आम्ही बहीणभावांनी ठरवलं. इथे आल्यावर मी त्यांच्यासाठी कानाचं मशीन घेतलं, तेही चांगल्यातलं. त्यांनी ते आठवडाभर वापरलं आणि डबीत घालून ठेवून दिलं. आम्ही गप्पा मारायला लागलो की ते थोडा वेळ हसऱ्या चेहऱ्यानं एकेकाच्या तोंडाकडे बघायचे, मग उठून आत जायचे. हळूहळू त्यांनी हॉलमध्ये बसणंच सोडलं. जेवणाचं ताटसुद्धा आतल्या खोलीत जाऊ लागलं.

मला राग यायचा. माझा स्वभावच तसा आहे, नाकावर राग. हा शुद्ध हट्टीपणा आहे, असं मी नवऱ्याला सांगायचे, आणि तेही नानांच्या देखत सांगायचे, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. पण घरात असून माणूस घरात नाही, हे मला आतून खात होतं. आई गेल्यापासून त्यांच्याशी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. असेच गप्प गप्प होत ते एक दिवस संपून जातील, याची मला भीती वाटायची.

शेवटी मशीन बदलून घ्यायला म्हणून कान तपासणाऱ्या बाईंकडे त्यांना घेऊन गेले. बाईंची खोली छोटीशी, खाली गालिचा, भिंतींना कापड. त्यांनी नानांना तेच मशीन घालायला लावलं, पाठीमागे उभं राहून साध्या आवाजात प्रश्न विचारले आणि नानांनी सगळ्यांची उत्तरं दिली, वर कांद्याचा भावही सांगितला. मी थक्क झाले. बाई म्हणाल्या, "मशीन चांगलं आहे. तुमचा हॉल चांगला नाही." मशीन सगळेच आवाज मोठे करतं, बोलणं करतं तसा घुमाराही करतं. एक शब्द विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो आणि नानांच्या कानात नुसता गलका उरतो. भिंतींवर आवाज शोषणारे पॅनेल लावा, असं त्यांनी सुचवलं.

मी सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं परचेसला होते. कुठलीही वस्तू पहिल्या भावात घेतली तर मला जेवण जात नाही. तयार पॅनेलचं कोटेशन मागवलं, तर रंगीत षटकोनांचा फोटो आला आणि सोबत एक आकडा, जो वाचून नवरा म्हणाला, त्यापेक्षा आपण नवीन फ्लॅट बघू. तेवढ्यात भावाला कळलं आणि तो लगेच मदतीला धावला. द्राक्षाच्या पेट्यांचं थर्माकोल त्याच्याकडे पडून होतं. दोन पोती भरून तो घेऊन आला आणि आम्ही एक अख्खी भिंत त्यानं मढवली. टाळी वाजवून पाहिली. हॉल पूर्वीइतकाच खणखणीत वाजला.

मग मी नीट अभ्यासाला बसले. कळलं ते इतकंच, की आवाज जिरायचा तर हवा आत शिरली पाहिजे. थर्माकोलमधून फुंकर जात नाही, म्हणजे आवाजही जात नाही, आपटून परत येतो. लागते ती काचेच्या तंतूंची ग्लासवूल. तिचे मऊ रोल स्वस्त मिळतात, पण उभ्या चौकटीत घातले की वर्षभरात खाली बसतात आणि वर पोकळी राहते. म्हणून दाबून कडक केलेली पाटी घ्यायची, दोन इंच जाडीची. कडकपणा घनतेवर, म्हणजे घनमीटरला किती किलो यावर ठरतो. चोवीसची पाटी लेचीपेची, अठ्ठेचाळीसची ताठ, त्याच्या वरची महाग, आणि आमच्या कामाला तिचा जास्त फायदा नाही.

हीच पाटी भट्ट्यांना आणि एसीच्या डक्टना लावतात, म्हणजे ती अंबडच्या एमआयडीसीत असणारच. माझ्या जुन्या वहीतून एक व्यापारी सापडला. गोडाऊनमध्ये गेल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, भट्टी केवढी आहे? भट्टी नाही म्हटल्यावर त्यांनी चांदीसारखा कागद चिकटवलेली पाटी दाखवली. ती स्वस्त होती, आणि मी जवळजवळ घेतलीच होती. मग त्या कागदावर बोटानं टकटक केली, तर तो वाजला. हॉलमध्ये काचा काय कमी होत्या? मी साधी, बिनकागदाची पाटी मागितली. एका टोकाला धरून आडवी उचलून पाहिली. चोवीसची ओल्या टॉवेलसारखी लोंबली, अठ्ठेचाळीसची फळीसारखी सरळ राहिली.

"बाई, पण लावणार कशाला?" त्यांना राहवेना.

"वडिलांना ऐकू यावं म्हणून."

मग आत जाऊन त्यांनी कोपरे दबलेल्या पाट्यांचा एक गठ्ठा बाहेर काढला. वाहतुकीत मार लागलेला माल, कंपन्या घेत नाहीत, असं ते म्हणाले. कापडाखाली कोपरे कोणाला दिसणार होते? माल तोच आणि भाव निम्म्याच्या खाली. मी सवयीनं आणखी घासाघीस केली. त्यांनी हात जोडले, तेव्हा थांबले.

कापडाची वेगळीच गंमत. त्यातूनही फुंकर जायला हवी, म्हणून मी दुकानात एकेक ठाण तोंडाला लावून फुंकत होते आणि दुकानदार माझ्याकडे बघत होता. शेवटी साधं सुती, बदामी रंगाचं घेतलं. नवऱ्यानं लाकडी पट्ट्यांच्या चौकटी ठोकल्या. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या असं सगळं मी सांगितलं होतं. यांनी हाफ शर्ट घातला आणि दोन दिवस अंग खाजवत बसले. आपल्या हातानं मरण ओढवून घेणं म्हणतात ते हेच, असं मी ऐकवलं. बारा पॅनेल झाले. भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून टांगले, म्हणजे मागच्या हवेचाही उपयोग होतो. काचेवर जाड पडदे आले. टाळी वाजवली, ती वाजली आणि तिथेच संपली.

मशीन घालून नानांना मी हॉलमध्ये बसवलं. या वेळी ते उठून आत गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन आपणहून तिथे येऊन बसले, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पुढच्या रविवारी भाऊ आला. नाना खुर्चीत पेपर वाचत होते. आम्ही दोघं नेहमीसारखे बोलत बसलो. भाऊ म्हणाला, रस्त्याकडची नानांची खोली पाडून तिथे ट्रॅक्टरसाठी शेड करतो. मी म्हटलं, "पाडून टाक. नाना आता थोडेच परत जाणार आहेत?"

नानांनी पेपर खाली ठेवला.

"पाडू नको," ते भावाला म्हणाले. "मला यायचं हाय तिकडं."

मग मी मूर्खासारखं विचारलं, नाना, तुम्हाला ऐकू आलं? तेही ओरडून, जुन्या सवयीनं.

"हळू बोल, येतंय ऐकू," ते शांतपणे म्हणाले. "आठ महिने तुम्ही काय ठरवता ते मला कळतच नव्हतं, पोरी. नुसती तोंडं हलताना दिसायची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आमचं बोलणं ऐकावं, आमच्यात बसून हसावं, एवढंच मी धरून चालले होते. त्यांनाही काही म्हणायचं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गोळ्या घेतल्या का, भात वाढू का, मशीन टोचतं का, हे सगळं मी त्यांना रोज विचारत होते. राहायचं कुठे, हे आम्ही त्यांच्यासमोर बसून ठरवलं आणि त्यांना सोडून सगळ्यांना विचारलं.

मी उठून त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. आवाज न चढवता विचारलं, "नाना, तुम्हाला कुठे राहायचंय?"

त्यांनी चष्मा काढला, आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चहा ठेव आधी," ते म्हणाले. "लय बोलायचंय."