निघाला की काढला

राजाजीनगरातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ती पहिल्यांदा आली, तेव्हा मी नुकतीच एका प्रशिक्षणाहून परतले होते. विषय होता सांध्यांचा अतिलवचिकपणा. काही माणसांची शरीर बांधून ठेवणारी ऊतीच जन्मतः सैल असते. सांधे नको तितके वळतात, जागेवरून सुटतात, कातडी जरा दाबली की काळीनिळी पडते. अशा रुग्णांना वर्षानुवर्षं ढोंगी ठरवलं जातं हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. यापुढे असा एकही रुग्ण माझ्या नजरेतून सुटणार नाही, असं ठरवूनच मी आले होते. आणि चारच दिवसांत ही समोर.

नागपूरची, पंचविशीची, लग्न होऊन बेंगळुरात आलेली. अंगठा वाकवून तिनं सहज मनगटाला टेकवला. कोपर उलटं वळलं. उजवा खांदा वरचेवर निखळत होता. सोबत आयटीतला नवरा, गोडबोल्या. "मॅडम, ती इतकी फ्रॅजाइल आहे ना, मला टच करायचीपण भीती वाटते," तो म्हणाला. मला तो फार आवडला. बायकोच्या दुखण्याला नाटक न म्हणणारे नवरे मी मोजकेच पाहिले होते.

मग मी आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा केला. घरी काळजी घेणारा हाच, म्हणून त्याला टेबलापाशी उभं केलं, तिचा हात माझ्या हातात घेतला आणि दाखवलं, "हे बघा, हात असा मागे गेला आणि इथे वळला की निखळतो. हे होऊ द्यायचं नाही." परत जागेवर कसा बसवायचा, तेही शिकवलं. त्यानं दोनदा करून बघितलं. ती दात आवळून छताकडे बघत होती. तिला एकटीला मी एक प्रश्नही विचारला नव्हता. आता रुग्णाशी एकांतात बोलल्याशिवाय मी घरच्या कुणालाही काही दाखवत नाही, पण ती अक्कल मला फार उशिरा आली.

पुढच्या महिन्यात खांदा चारदा निखळला. दंडावर, मनगटावर डाग दिसू लागले. दवाखान्यात कामाला असलेली अक्का टॉवेलांच्या घड्या घालताना कानडीत म्हणाली, "हे डाग नव्हेत, बोटं आहेत." मी तिच्यावरच खेकसले. अशी कातडी नुसत्या धरण्यानंही काळी पडते, तुला काय कळतंय, म्हणाले. मी सांगत होते ते खरंच होतं, म्हणून तर मला समोरचं दिसत नव्हतं.

एका बुधवारी ती एकटी आली. नवरा पाहुण्यांना विमानतळावर सोडायला देवनहळ्ळीकडे निघाला होता. मी फाइल उघडत विचारलं, "खांदा परत निघाला?"

"काढला," ती म्हणाली.

मला हसू आलं. आमचं घराणं तीनचारशे वर्षं इकडचं, आमच्या मराठीत निम्मं कानडी. नागपूरकडे 'निघाला'ला 'काढला' म्हणत असतील, असं वाटून मी फाइलीत 'निघाला' लिहिलं. मान वर केली, तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"निघाला की काढला?" मी विचारलं.

"काढला. काहून समजत नाही तुम्हाला? भांडण झालं की काढून राहिला तो. तुम्ही दाखवला न, तसाच. मग बसवून देतो. कोणी विचारलं तर सांगतो, मॅडमनंच सांगितलं, हिचे सांधे ढिले आहेत."

मी फाइलीतलं 'निघाला' खोडून 'काढला' लिहिलं. मग म्हणाले, "आता घरी जायचं नाही." पोलिसांना फोन केला. पण ती कुठे आहे ते तिच्या फोनवरून त्याला दिसायचं. पाहुण्यांना टॅक्सीत बसवून तो अर्ध्या वाटेवरूनच मागे फिरला होता. पोलिसांआधी तोच दार ढकलून आत आला.

"चल घरी." तिनं टेबलाची कड घट्ट धरली. "मॅडम, बघा ना, कसली ओव्हररिॲक्ट करते ही," असं माझ्याकडे बघून हसत म्हणाला, आणि माझ्यासमोर त्यानं तिचा हात धरून मागे नेला आणि वळवला. अगदी मी शिकवला तसाच. खट्ट आवाज झाला. ती किंचाळली.

रॅकवरचं दोन किलोचं डंबेल मी त्याच्या तोंडावर हाणलं. तो खाली बसला, तरी हाणलं. दात तुटल्याचं हाताला जाणवलं आणि मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. आणखी हवं होतं. अक्कानं मागून कंबरेला मिठी घातली नसती, तर मी त्याला मारूनच टाकलं असतं. पोलीस आले तेव्हा तो रक्त थुंकत माझ्याविरुद्ध तक्रार द्यायचं बोलत होता. तक्रार त्यानं दिली, तो खटला अजून चालू आहे. ती मात्र त्याच्या घरी परत गेली नाही. भाऊ येऊन तिला नागपूरला घेऊन गेला.

पण त्या दुपारी पोलिसांनी नवऱ्याला नेल्यावर ती भिंतीशी जमिनीवर बसली होती, हात लोंबत होता, ओठ पांढरे पडले होते. मी समोर गुडघे टेकले आणि म्हणाले, "दे, स्वल्प सैल सोड, मी बसवते." ती सरकत सरकत कोपऱ्यात गेली आणि चांगला हात तिनं माझ्या छातीवर रोखला.

"तुम्ही नका," ती म्हणाली. "अक्कांना बोलवा."