मिस्त्रींचा बाप्तिस्मा

नोव्हेंबर १९५४, रविवार सकाळ. बारामतीजवळ कालव्याच्या काठी हजर: पाळकसाहेब, चर्चच्या मंडळीतली चार घरं, चिटणीस म्हणून मी आणि ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा ते ऑइल इंजिनवाले मिस्त्री, सपत्नीक.

मिस्त्रींनी हा बाप्तिस्मा आधी दोन-तीनदा पुढे ढकलला होता. प्रभू येशूवर आपला विश्वास आहे, पण तो पुरेसा आहे का, याची त्यांना खात्री नसे. माणूसच तसा. सायकलला कुलूप लावून निघत आणि परत येऊन ते ओढून बघत.

पाळकसाहेब कमरेइतक्या पाण्यात उभे होते. मिस्त्री काठावरच थांबले.

"सायेब, फुडल्या म्हैन्यात घिऊ. अजून मन पक्कं न्हाय."

बायको पुढे आली. "अवो, कोऱ्हाळ्याच्या हिरीवरलं इंजिन चालंल का, असं कुणी इचारलं की म्हणता, सांगता येत न्हाय. तरी हँडल मारताच न्हवं? मग हितंच काय झालं?"

 बाप्तिस्म्यासाठी आणलेला पांढरा सदरा घालायलाही न थांबता, कामाच्या कपड्यांनिशीच मिस्त्रींनी पाण्यात उडी घेतली. साहेबांनी त्यांना बुडवून वर काढलं, तेव्हा खिशातला जड पाना निसटून साहेबांच्याच अंगठ्यावर पडला.

नाकातोंडातून पाणी गळत असताना मिस्त्री म्हणाले, "मन अजून पक्कं न्हाय, सायेब. पर आता माघारी न्हाय जात."

साहेबांनी एका पायावर उभं राहून आशीर्वाद दिला.

पाना अजून तळाशीच आहे; कालव्याचं पाणी बंद झालं की शोधायचा आहे.