खातरजमाताई

ऑफिसात सगळे तिला खातरजमाताई म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. मोबाइल कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत तिचं टेबल होतं. कुणाच्या जिवावर बेतलं की पोलीस याच खोलीत फोन करून विचारत, अमुक नंबर आत्ता कुठे आहे? ती सांगायची, पण आधी फोन ठेवून, ठाण्याच्या नोंदलेल्या नंबरावर स्वतः लावून बघायची.

ही सवय तिला जुन्या मोठ्या बाईंनी लावली होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका भारदस्त आवाजाच्या साहेबाने घाईघाईत एका बाईचा ठावठिकाणा मागितला. ती सांगणारच होती, तेवढ्यात मोठ्या बाईंनी तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. ठाण्यावर विचारलं, तर त्या नावाचा अधिकारीच तिथे नव्हता. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकोच्या मागावर असलेला नवरा होता तो, हे मागाहून कळलं. त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला. मोठ्या बाईंचे उपकार ती आजही बोलून दाखवते.

त्या मंगळवारी दुपारी फौजदारांचा फोन आला. पंप दुरुस्त करणारा एक मेकॅनिक सकाळी स्कूटरवरून कामाला गेला होता. मधुमेहाचा माणूस, सकाळी इन्सुलिन घेतलेलं, जेवणाचा डबा मात्र घरीच राहिलेला. अकरापासून त्याचा फोन नुसता वाजत होता, उचलत कुणी नव्हतं.

"ठेवते. मीच ठाण्यावर लावते," ती म्हणाली.

"अहो ताई, इथे माणूस मरायला टेकलाय."

"म्हणूनच भराभर करू. तुम्ही तोवर मागणीचा फॉर्म पाठवा."

दोन मिनिटांत खातरजमा झाली. स्क्रीनवर नकाशा उघडला. पण नकाशात माणूस दिसत नाही, वर्तुळ दिसतं. आणि हे वर्तुळ चांगलं दीड किलोमीटर रुंद होतं. शहराबाहेरचा मोकळा भाग, टॉवर एकच.

"एवढ्या पसाऱ्यात बघायचं तरी कुठे?" फौजदारांचा आवाज पडला.

"त्यांच्या घरचं कुणी आहे का जवळ?"

बायको ठाण्यातच बसून होती.

"त्यांना विचारा, या बाजूला पंपाची कामं कुठे कुठे असतात."

पलीकडे कुजबुज झाली. शाळेमागची टाकी आणि जुनी रोपवाटिका, एवढी दोनच. तिने नकाशावर बोट फिरवलं.

"शाळा वर्तुळाच्या बाहेर पडते. रोपवाटिकेकडे गाडी पाठवा."

फोन बंद झाला. पुढचं तिला कळणार नव्हतं. चौदा वर्षांत कधीच कळलं नव्हतं. पोलिसांना पुढची धावपळ असते आणि घरच्यांना तिचा पत्ता नसतो. तिचा नवरा म्हणायचा, "तुझं म्हणजे रोज अर्धी गोष्ट ऐकून उठायचं." ती हसण्यावारी न्यायची, पण अशा दिवशी तिला घास गोड लागत नसे.

नवव्या दिवशी वॉचमनने वर निरोप धाडला, कुणी भेटायला आलंय. दारात फौजदार, एक ठेंगणी बाई आणि इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला एक माणूस. त्याच्या नखांत ग्रीस होतं.

"पंपाच्या खोलीत पडले होते," बाई म्हणाली. "शुद्ध नव्हती." तिने खातरजमाताईचे दोन्ही हात धरले आणि धरूनच ठेवले.

मेकॅनिक खाकरला. "माझा नंबर बघितलात म्हणे. म्हटलं, माणूसही बघून घ्या."

"मी त्या दिवशी मनात तुम्हाला चार शब्द ऐकवले होते," फौजदार म्हणाले. "ते परत घेतो."

तिने खुर्च्या ओढल्या. "बसा. मला पहिल्यापासून सगळं सांगा. काही गाळू नका."

आणि त्यांनी सांगितलं. पंपाचं झाकण उघडताना हात कसे थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी कशी आली, दवाखान्यात जाग आल्यावर तो सगळ्यात आधी बायकोवर कसा खेकसला, आणि त्या खेकसण्यानेच तिला कसं हायसं वाटलं. खातरजमाताई ऐकत राहिली. मधे एकदा तिने चष्मा काढून पुसला.

निघताना ती त्यांना सोडायला खाली फाटकापर्यंत गेली. कामाच्या वेळेत ती टेबल सोडून कधी उठत नसे, म्हणून जिन्यात एकाने विचारलं, "ताई, कोण पाहुणे?"

"माझ्या ओळखीचे आहेत," ती म्हणाली.