सरोदे बाईंचे तीन रकाने

सरोदे बाई वर्गात शिरल्या की हजेरीच्या आधी फळ्यावर दोन उभ्या रेघा मारत. तीन रकाने व्हायचे: पाहिलं, ऐकलं, वाटलं. सातवीतल्या पोरांनी काहीही ठासून सांगितलं की बाईंचं ठरलेलं, "आधी रकाना सांग." आमची शाळा कारेगावच्या पुढच्या एका लहानशा गावातली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कंपन्या नुकत्याच आल्या होत्या, त्यामुळे बातम्यांना तोटा नव्हता. एकदा एक पोरगा म्हणाला, कंपनीच्या धुरानं पाऊस पळतो.

"रकाना?"

"ऐकलं."

"कुणाकडनं?"

"आबाकडनं."

"आबांनी पाहिलं का?"

पोरगा डोकं खाजवत म्हणाला, "त्येनी बी टपरीवर ऐकलं आसंल."

"मग टाक दुसऱ्यात. खोटं म्हणत नाही मी. फक्त कुठं ठेवायचं ते बघ."

त्यांच्या तासानंतर माझा गणिताचा तास. पेटवायचं त्यांनी आणि निस्तरायचं मी. एके दिवशी मी जरा चिडून बोललो, तर मागून आवाज आला, "सर घरनं भांडून आल्यात." लगेच कमल नावाची मुलगी उभी राहिली, "पाह्यलंस का तू? का नुसतं वाटतंय?" वर्ग हसला. मी खरंच भांडून आलो होतो, पण फळ्याकडे वळून त्रैराशिक लिहायला घेतलं.

गावाला हे पचणारं नव्हतं. पालक येऊन म्हणत, "बाई, पोरगी घरात बी कशावरून, कशावरून करती." बाई म्हणत, "करू द्या की. खरं असलं तर विचारल्यानं त्याला काय होतंय?" गावानं त्यांचं नाव 'रकानेबाई' ठेवलं आणि हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. तशीही नवऱ्यानं टाकलेली, दौंडकडून एकटी आलेली बाई; गावाला निमित्तच हवं होतं. शाळा सुटल्यावरही त्या वर्गात रेंगाळत. पुसलेला फळा पुन्हा पुसत. मला ते बघवत नसे, पण माझी शिरूरची एसटी चुकेल म्हणून मी निघायचो.

रविवारी मात्र त्यांच्या खोलीवर एक माणूस यायचा. दुपारी यायचा आणि उन्हं कलली की जायचा. बातमी टपरीवर पोचली, तिथून घरोघर. पोरींची नावं शाळेतून काढायची भाषा सुरू झाली आणि शाळा समितीची बैठक बसली. समितीचे अध्यक्ष आप्पा म्हणाले, "बाई, गावात लेकीबाळी हायत. परका गडी घरात घ्यायचा, ह्ये हितं चालायचं न्हाई."

बाई शांतपणे म्हणाल्या, "आप्पा, तुम्हाला मला काही विचारायचंय का?"

"त्यात काय इचारायचं? सगळ्या गावाला ठावं हाय."

"बरं," म्हणून बाई उठल्या. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बाई, खुलासा करून मोकळं व्हायचं. अब्रूचा प्रश्न आहे."

"आरोप त्यांचा, सर. दाखवायचं त्यांनी. मीच गयावया केली तर उद्या पोरांपुढं कुठल्या तोंडानं उभी राहू?"

मला त्यांचा रागच आला. तत्त्वं पोरांना शिकवायला ठीक असतात, स्वतःच्या गळ्यात कशाला बांधून घ्यायची? तक्रार वर गेली आणि दौंडला बदली आली. माहेर तिकडचं, पण माहेरात आता कुणी उरलं नव्हतं.

निघायच्या दिवशी मी त्यांची ट्रंक घेऊन फाट्यावर गेलो. गावातलं कुणी आलं नाही. कमल तेवढी दप्तर सांभाळत धावत आली. धाप लागली होती, तशातच म्हणाली, "बाई, येक इचारू? आयतवारी येतात त्ये तुमचं कोन?"

मी तिला दटावणार होतो. पण बाईंचा चेहरा असा उजळला की मी तोंड मिटलं.

"नवरा आहे माझा. दुसरा संसार मांडलाय त्यांनी. पण भरीत माझ्याच हातचं लागतं, म्हणून येतात. जेवतात. मी आठवड्याचं सगळं सांगते, तुमच्या वर्गातल्या गमती सांगते. ते नुसतं हूं म्हणतात. घरात कुणीतरी हूं म्हणायला लागतं गं."

"मंग मीटिंगीत का न्हाई सांगितलं?"

"मीटिंगीत मला कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं."

एसटी आली. मी ट्रंक वर चढवून दिली. बाई खिडकीतून कमलकडे बघत हात हलवत राहिल्या, आणि धुरळा बसेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो. आप्पांना आणि गावाला मी मनात शिव्या घालत होतो. पण इतकी वर्षं एका टेबलावर डबा उघडून मीही बाईंना कधी विचारलं नव्हतं. मलाही ठाऊकच होतं.